बायोडाट्याची मागची बाजू

आपण स्वतःच्या हाताने भरलेल्या फोल्डरमध्ये आपल्याला न विचारता आणखी कोणीतरी राहत होतं, हे कळल्यावर काय होतं ते मी सांगू शकते. मला ते उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, एका छपाईच्या दुकानात कळलं, आणि माझ्या हातातला उसाचा रस ग्लासासकट काउंटरवर आडवा झाला. दुकानदाराने आधी कीबोर्ड उचलला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

पण आधी ताईबद्दल सांगायला हवं, कारण त्या फोल्डरमधून जे बाहेर पडलं ते तिचं होतं.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. अंबरनाथला मोरिवलीच्या अंगाला कारखान्यांची जी रांग आहे, तिथल्या एका कंपनीच्या डिस्पॅचमध्ये ती काम करते. ताईला फिट येतात. कॉलेजात असताना सुरू झाल्या. गोळ्या लागू पडल्यापासून क्वचित येतात, पण येतात. एवढं साधं वाक्य आमच्या घरात कोणी कधी पुरतं उच्चारलं नाही. 'तिचं ते', 'मागच्यासारखं झालं', 'जरा बरं नव्हतं' असं आम्ही बोलायचो. कोणाची बोलती बंद झाली की लोक सहज म्हणून जातात, दातखीळ बसली. आमच्या घरात तो शब्दही बंद होता.

फिट आली की आईचं एक ठरलेलं होतं. ती आधी दाराकडे धावायची. दार लावायचं, कडी घालायची, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि मग ताईकडे यायचं. तोवर मी ताईला सांभाळत असायचे. बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारं दिवसभर उघडी असतात, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा सगळ्या मजल्याच्या सामाईक. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू हमखास विचारायच्या, "काल मॅच होती का गं? टीव्ही केवढ्याने लावलेला!" आई म्हणायची, "हो ना, मॅच होती." आमच्या घरात क्रिकेट कोणीही बघत नाही.

ताईचं एक लग्न साखरपुड्याच्या दारात जाऊन मोडलं होतं. मुलाकडच्यांना कोणीतरी कळवलं. त्यांनी फोनवर आईला जे ऐकवलं ते मी इथे लिहिणार नाही. ताई त्या दिवशीही कामावर गेली. संध्याकाळी येताना भाजी घेऊन आली, ती निवडता निवडता म्हणाली, "पुढच्या वेळी मी आधीच सांगणार. सगळ्यांना एकदमच."

ती संधी आली अंबरनाथच्या विहारातल्या महिला मंडळामुळे. त्यांनी वधू-वरांसाठी एक साइट काढायची ठरवली आणि पानं बनवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरी बसून तेच करते. क्लासेसची, दुकानांची, डेंटिस्टांची वेबपानं. आम्ही बौद्ध. कुंडली, गुण, मंगळ हे सगळं आमच्या आजोबांच्या पिढीने छप्पन साली मागे टाकलं आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण माणूस चिवट असतो. पत्रिका गेली तर तिच्या जागी बायोडाटा आला. पत्रिकेतला मंगळ निदान आकाशात तरी असतो. बायोडाट्यातला दोष घरचेच शोधतात आणि घरचेच झाकतात.

कामाची पद्धत अशी ठरली. मी एकेका मुलीचं, मुलाचं पान माझ्या लॅपटॉपवर लिहायचं. लॅपटॉप म्हातारा, त्याला विंडोज पेलेना म्हणून मी त्यावर लिनक्स टाकलेलं. सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर घालून उल्हासनगरच्या त्या सिंधी दुकानदाराकडे न्यायचं. मंडळाच्या लग्नपत्रिका आणि बायोडाटे वर्षानुवर्षं तोच छापतो. साइटसाठी जागाही त्यानेच आपल्या खात्यातून दिली होती, त्यामुळे पासवर्ड त्याच्याकडे. तो आपल्या विंडोजच्या मशीनवरून पानं चढवायचा आणि नावांची यादी असलेलं पहिलं पान स्वतः सांभाळायचा. सगळं नीट चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं.

ताईने तिचं पान स्वतः सांगितलं, मी टाइप केलं. शिक्षण, नोकरी, उंची झाली आणि मग ती म्हणाली, "आता लिही. मला फिट येतात. गोळ्या रोज चालू आहेत. मी गाडी चालवत नाही आणि पाण्याजवळ एकटी जात नाही. बाकी सगळं करते. लपवून लग्न करायचं नाही. हे वाचून ज्यांना यायचं त्यांनी यावं."

मी म्हटलं, "ताई, जाहिरात आहे की धमकी?"

"वाचणाऱ्यावर आहे," ती म्हणाली.

पण आमच्याकडे मामाचा हात फिरल्याशिवाय कुठलाही कागद घराबाहेर जात नाही. बाबा गेल्यापासून मामाच आमच्यातला मोठा. आयुष्यभर सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केलेला माणूस. लग्नपत्रिकेपासून गॅसच्या तक्रारीपर्यंत सगळं त्याच्या नजरेखालून जातं. तो आला तेव्हा ताई कामावर होती. त्याने चष्मा लावला आणि माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. बोट फिटच्या ओळीवर थांबलं.

"हे काय आहे?"

"ताईने सांगितलंय लिहायला."

"बायोडाट्यात आजार लिहितात? केसपेपर आहे का हा दवाखान्याचा?"

"पण मामा, खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून काय चव्हाट्यावर मांडायचं? अगं, आधी माणसं घरात तर येऊ देत. पोरगी बघू देत. एकदा जीव जडला की सांगता येतं हळूहळू." मग तो आईकडे वळला. "तू सांग. राहू दे म्हणतेस?"

आईने पदर डोळ्यांना लावला, आणि आमच्या घरात त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मी पुष्कळ वाद घातला. मामा मला उद्धट म्हणाला, मी त्याला जुनाट म्हणाले, आई म्हणाली, दोघंही गप्प बसा. शेवटी मामा सांगत गेला आणि मी बदलत गेले. फिटच्या ओळी गेल्या, त्या जागी 'प्रकृती उत्तम' आलं. सावळी होती ती गहूवर्णी झाली. उंचीसुद्धा जराशी वाढली. एरवी मी मिनिटामिनिटाला सेव्ह करणारी बाई. त्या दिवशी मी इतकी भडकले होते की सगळे बदल एका दमात केले, शेवटी एकदाच सेव्ह दाबलं आणि लॅपटॉप आपटून मिटला.

पान चढल्यावर मी ताईच्या फोनवर त्याची लिंक पाठवली. तिने ते जेवणाच्या ताटावर वाचलं. तिचा चेहरा मी चोरून बघत होते. आधी तिने वरचा फोटो पाहिला, मग खालचं, मग परत फोटो.

"ही कोण?" तिने विचारलं. फोन पालथा ठेवला आणि वरणभात कालवायला लागली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

थोड्या दिवसांनी, मंडळाकडून नंबर घेऊन, चामटोलीहून फोन आला. बदलापूरच्या पलीकडचं गाव. घरची भातशेती, मुलगा अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये फिटर. साइटवर पाहिलंय, रविवारी येतो म्हणाले. आई हरखली. मामाने मला फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "बघितलंस?" त्या एका शब्दात त्याचं सगळं प्रवचन होतं.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी नवी पानं घेऊन उल्हासनगरला गेले. दुकानदाराने माझ्यासाठी रस मागवला, पेनड्राइव्ह आपल्या मशीनला लावला, आणि मी सहज त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं.

माझ्या फोल्डरमध्ये प्रत्येक मुलीच्या दोन दोन फाइली होत्या.

एक मी बनवलेली. आणि तिच्याखाली तिचंच नाव, पण शेवटी एक नागमोडी शेपटी लावलेलं. प्रत्येकीला जोडीदार! मी घरून निघताना तेच फोल्डर डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा त्यात असलं काहीही नव्हतं. मला वाटलं व्हायरस. तोंडातून "अगं आई गं" एवढंच निघालं.

"ये क्या है, भैया?"

"ये? ये तो हर बार होता है, दीदी," तो शांतपणे म्हणाला. "आप ही तो देती हो. बॅक साइड."

"कसली बॅक साइड?"

"अरे, बायोडाटा का फ्रंट-बैक! सामने लड़की का, पीछे फॅमिली का. तीस साल से छाप रहा हूँ. आपने दो-दो फाइल दिया, तो मैं समझा एक फ्रंट, एक बैक. नाम में वो कीड़ा जैसा निशान था, उससे खुलता नहीं था, तो मैंने निकाल के 'बैक' लिख दिया. सबका लगा दिया है. देखो ना, कितना अच्छा दिखता है."

त्याने साइटचं पहिलं पान उघडलं. प्रत्येक नावापुढे निळ्या अक्षरांत दोन दुवे होते. 'बायोडाटा' आणि शेजारी 'मागची बाजू'. मराठीत, अगदी बरोबर लिहिलेलं, कोणाला तरी विचारून. त्याने ताईच्या नावापुढची मागची बाजू दाबली आणि ताईचं जुनं पान समोर आलं. मला फिट येतात. गोळ्या रोज चालू आहेत. ज्यांना यायचं त्यांनी यावं.

रस सांडला तो तेव्हा.

नंतर मला सगळं उलगडलं. मी ज्या प्रोग्राममध्ये पानं लिहिते तो सेव्ह करताना आधीची प्रत गुपचूप बाजूला ठेवतो आणि तिला ही शेपटी लावतो. माझी लिनक्सची खिडकी शेपटीवाल्या फाइली दाखवत नाही. पाहुणे यायच्या आत घरातला पसारा पलंगाखाली सारावा तसं. पण फोल्डर उचललं की पलंगाखालचंही सोबत जातं, आणि विंडोजला त्या शेपटीचा अर्थच माहीत नाही. ते सगळं उजेडात मांडतं. दर वेळी सेव्ह केलं की फक्त त्याच्या आधीची प्रत उरते. रागाच्या भरात मी एकदाच सेव्ह दाबलं होतं, म्हणून ताईचं आख्खं पान जसंच्या तसं वाचलं होतं. उल्हासनगरात कुठल्याही वस्तूची दुसरी प्रत मिळते अशी लोक थट्टा करतात. ही दुसरी प्रत मात्र मी बदलापूरहून स्वतः नेऊन दिली होती.

त्या क्षणी मला हे काही सुचत नव्हतं. मी इतर मुलींच्या मागच्या बाजू उघडत गेले आणि एकेक धक्का बसत गेला. मंडळाने मुलींचे फोन नंबर काढून टाकायला सांगितले होते. मागच्या बाजूला ते सगळे जागच्या जागी होते. एकीचं घटस्फोटित खोडलेलं होतं, ते इथे होतं. मी ओरडले, "निकालो! सब निकालो, अभी के अभी!"

तो बिचारा घाबरला. "दीदी, इतनी मेहनत से लगाया..."

"भैया, लड़कियों के घर की बात है."

हे मात्र त्याला लगेच समजलं. त्याने दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला थांबायला लावलं आणि माझ्यासमोर एकेक मागची बाजू पुसली. मी फोनवर प्रत्येक दुवा दाबून खात्री केली. मग बाहेर येऊन ताईला फोन लावला आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

"शेवटची ओळ पण होती?" तिने विचारलं.

"सगळंच होतं, ताई. पण आता काढलंय. उद्याच्या लोकांनी पाहिलं नसेल. पाहिलं असतं तर कशाला आले असते?"

"हं," ती म्हणाली. "हे खरं आहे. पाहिलं असतं तर आले नसते." आणि फोन ठेवला.

रविवारी ती माणसं आली. मुलगा, त्याची आई आणि त्याची लग्न झालेली बहीण. जयभीम झाला, पाणी झालं, उकाड्याची चौकशी झाली. मामा इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर ताठ बसला होता. मुलगा गप्प, हात गुडघ्यांवर. त्याची आई हिरव्या लुगड्यातली, उन्हाने रापलेली, चटईवरच बसली, सोफ्यावर बसा म्हटलं तर म्हणाली, "मला खालीच बरं." मी त्यांच्या चेहऱ्यांवर काही दिसतंय का ते शोधत होते. काही दिसत नव्हतं. माझ्या मनात एकच चाललं होतं, पाहिलेलं नसू दे.

ताई आत चहा गाळत होती. तेवढ्यात मुलाच्या बहिणीने पर्समधून एक घडी केलेला कागद काढून आपल्या आईच्या हातात दिला. बदलापूर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी आमच्या साइटवरचं छापून घेतलं होतं. एकाच कागदावर, पाठपोट.

म्हणजे मी शनिवारी पुसायला लावायच्या आधीच.

त्या बाईंनी कागद चटईवर ठेवला. एकदा सुलटा केला, एकदा उलटा. "आमाला काय वाचता येत नाय," त्या म्हणाल्या. "लेकीनं वाचून दावलं. पुढं लिवलंय, तब्येत उत्तम. मागं लिवलंय, फेफरं येतं. फोटो तर एकीचाच हाय. यातला खरा कुठला, त्ये विचारायला आलो."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिला मागच्या बाजूचा पत्ताच नव्हता. समोरच्या उघड्या दारातून काकूंच्या घरातली सीरियल ऐकू येत होती. सगळ्यांत आधी सावरला तो मामा. आयुष्यभराचा मसुदेदार.

"अहो, ती कम्प्युटरची चूक आहे," तो हसत म्हणाला. "दुसऱ्या कोणत्या तरी मुलीचा मजकूर हिच्या फोटोखाली गेलाय. होतं असं. ही बसलीय ना, हिनेच बनवलीय साइट. सांग गं यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती मला हात न जोडता हात जोडत होती. 'हो' म्हटलं की ताईचं लग्न जमणार होतं. 'नाही' म्हटलं की पुन्हा तोच फोन, तेच ऐकवलेलं, पुन्हा ताईची निवडलेली भाजी. मी तोंड उघडलं, पण काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही.

"मागचं माझं आहे," ताई म्हणाली. ती ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पुढचं मामाचं आहे."

मामाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, खाली यायचं विसरलं. मला वाटलं, संपलं. आता ही माणसं उठतील, चपला घालतील. आई तर भिंतीला टेकली.

त्या बाई उठल्या नाहीत. त्यांनी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बस गं बाय माझ्यासमोर."

ताईने ट्रे चटईवर ठेवला, त्यांना चहा दिला आणि बसली.

"माझी मोठी सून व्हती, ह्याच्या थोरल्या भावाची बायको," त्या सांगायला लागल्या. "चार घरांत उठून दिसंल अशी. कामाला वाघीण. एक दिस नदीवर कपडे घेऊन गेली ती आलीच नाय. गुडघाभर पान्यात पालथी पडलेली. गुडघाभर, बाय. पोर बुडंल एवढंबी पानी नाय त्ये. गाव बोलला, भुतानं दाबली. कोन बोलला, सासूनं काय केला. माझ्यावर घेतला लोकांनी." मुलगा मान खाली घालून फरशीकडे बघत होता. "दिवस कार्य झाल्यावर तिची पेटी उघडली तर साड्यांच्या घडीत गोळ्या. फेफऱ्याच्या. डाक्टरनं सांगितलं तवा कळलं. आईबापानं बजावून धाडलेली, कोनाला दावू नको. मग ती पोर चोरून घेनार कधी? भरलेल्या घरात कोन बघत नसंल तवाच ना. नाय जमलं, ऱ्हायली."

आमच्या घरातही ताईच्या गोळ्या पाहुणे आले की कपाटात, टॉवेलांच्या मागे जायच्या. त्या घडीलाही त्या तिथेच होत्या.

"तिच्या बापाला मी इचारलं," त्या म्हणाल्या, "एक शबुद बोलला असतास तर काय जात व्हतं तुझं? तो बोलला, सांगितलं असतं तर तुमी पोरगी केली नसती. आनि खरं सांगते, नसतीच केली." त्यांनी तोंडावरून पदर फिरवला. "पन जिती तर ऱ्हायली असती कुठं तरी."

मामाने चष्मा काढून हातात घेतला आणि तो पुसतच राहिला. हळूहळू सांगता येतं असं म्हणणारा माझा मामा. त्याला त्यात काही वाईट करायचं नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि त्या पोरीच्या बापालाही करायचं नसणार. हेच मला सगळ्यांत भयंकर वाटलं. मी मामावर इतके दिवस चिडले होते ते तो खोटं बोलायला लावतो म्हणून. त्या खोट्याच्या शेवटी गुडघाभर पाणी असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"पुढची बाजू वाचली तवा मी बोलले, चांगलं हाय," त्या ताईला म्हणाल्या. "मागची वाचली तवा लेक बोलली, आई, ही पान्याजवळ एकटी जात नाय असं लिवते. मग मी रडले. पन दोनी बाजू बघून डोकं फिरलं. बोलले, जाऊन इचारू. पुढची खरी निघाली असती, तर खरं लिवनारी पोर ह्या घरातली नाय समजून चहा पिऊन गेलो असतो." मग त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. "आता मला सांग. तुला आलं, तर आमी करायचं काय? कांदा हुंगवायचा का चप्पल?"

"काहीच हुंगवायचं नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. "तोंडात चमचा घालायचा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं आणि जवळ बसायचं. आपोआप थांबतं. पाच मिनिटांत नाही थांबलं तर दवाखाना."

"कुशीवर म्हंजे कसं? दाव."

ताईने आमच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने साडीचा पदर खोचला आणि सगळ्यांसमोर, नवऱ्या मुलासमोर, मामासमोर, चटईवर उताणी झोपली. त्या बाई गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेल्या. ताई पडल्या पडल्या सांगत होती, हा हात इथे, हा गुडघा वाकवा, आता खांद्याला धरून आपल्याकडे ओढा. त्यांनी तिला ओढलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, "तू बी बघ. नुसता बसू नको." तो उठून आला आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलला. त्याने विचारलं, "रात्रीची गोळी जेवणाआधी असते का नंतर?"

ताई आता चामटोलीला असते. तिच्या गोळ्यांचा डबा तिथे स्वयंपाकघराच्या फळीवर, चहा-साखरेच्या डब्यांच्या रांगेत असतो. लाइट गेली तरी कोणाचाही हात जाईल अशा ठिकाणी.

पण त्या दुपारचं माझ्या डोळ्यांसमोर येतं ते वेगळंच. ताई चटईवर कुशीवर पडलेली होती, आणि आमचं दार सताड उघडं होतं. समोरच्या काकू आपल्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात लसूण सोलायची ताटली. त्यांना वाटलं, काहीतरी झालंय. "काय गं, काय झालं तिला?" त्यांनी विचारलं.

आई उठली. मी तिला ओळखते, तिचे पाय आपोआप उठले. ती झपाझप दाराशी गेली, तिने दाराची कड पकडली, कडीवर हात ठेवला. मी टीव्हीकडे पाहिलं. तो बंद होता.

आई तशीच उभी राहिली. तिने मागे वळून ताईकडे पाहिलं, ताईच्या खांद्यावरच्या त्या अनोळखी, रापलेल्या हाताकडे पाहिलं. मग तिने कडीवरचा हात काढला.

"तिला फिट येतात," आई काकूंना म्हणाली. "या, आत या. तुम्हीही शिकून घ्या."